सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये स्वस्तात पोटभर: रस्त्यावर फोटो, जेवण वरच्या मजल्यावर

चायनाटाउन मेट्रो स्टेशनच्या 'ए' दारातून वर आलं की थेट पॅगोडा स्ट्रीट. लाल कंदील, फ्रिजवर चिकटवायची चुंबकं, मेन्यूकार्ड पुढे करणारी माणसं. इथे हवे तेवढे फोटो काढा, पण बसू नका. फुटपाथवर मांडलेल्या टेबलांचं भाडं आपल्याच ताटातून वसूल होतं. शिवाय मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली, तर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी वेगळा लागणार, हे समजून असा.

खरं जेवण स्मिथ स्ट्रीटवरच्या चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये आहे. तळघरात मासळी-भाजीचा बाजार, वर कपड्यालत्त्याची दुकानं आणि त्याच्यावर सिंगापूरमधलं सगळ्यात मोठं हॉकर सेंटर, म्हणजे फेरीवाल्यांच्या खाण्याच्या गाळ्यांची एकत्र जागा. खाण्याचे अडीचशेहून जास्त गाळे! एकेकाळी याच गल्ल्यांत गाडे लागायचे. १९७०-८०च्या दशकांत सरकारने फेरीवाल्यांना नळ आणि गटाराची सोय असलेल्या अशा इमारतींत हलवलं. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारसा म्हणून मान्यताही दिली. गाळ्याचा नंबर ०२ ने सुरू होत असेल तर तो आपल्या हिशेबाने पहिल्या मजल्यावर, एवढं लक्षात ठेवा.

२०१६ मध्ये मिशेलिन या नावाजलेल्या खाद्य-मार्गदर्शिकेचा स्टार मिळालेला सोया सॉस चिकनचा स्टॉल याच इमारतीतला. २०२१ मध्ये तो स्टार गेला. स्टारचा पाठलाग न करता जेवायच्या वेळी आजूबाजूच्या ऑफिसांतली माणसं आणि म्हातारे कुठे रांग लावतात ते बघावं, असं माझं मत. ज्या स्टॉलवर एक-दोनच पदार्थ मिळतात, तो बहुधा चांगला निघतो. चाळीस पदार्थांचे फोटो लावलेल्या स्टॉलवर मी जात नाही.

चार क्वे तिओ चुकवू नका. तांदळाच्या रुंद नूडल्स गोडसर काळ्या सोया सॉसमध्ये मोठ्या आचेवर परततात, धुराचा वास अगदी आतपर्यंत मुरतो. त्यात शिंपले आणि बऱ्याचदा डुकराची चरबी असते, चालत नसेल तर आधीच विचारा. कॅरट केक गोड समजून मागवू नका: मुळा आणि तांदळाच्या पिठाच्या वड्या, आपल्या कोथिंबीर वडीसारख्या आधी वाफवून मग अंड्यात परतलेल्या. काळा आणि पांढरा असे दोन प्रकार असतात. काळ्यात गोड सोया सॉस असतो, मला पांढरा जास्त आवडला.

चिकन राइससाठी मॅक्सवेल फूड सेंटर गाठा, चालत पाच-सात मिनिटं. तिथल्या 'तिआन तिआन' या प्रसिद्ध स्टॉलपुढे लांबलचक रांग असते, पण तिथल्या दुसऱ्या स्टॉलवरही हा पदार्थ मिळतो. कोंबडी साधी उकडलेली असते. चव असते ती तिच्याच रश्श्यात आलं-लसूण घालून शिजवलेल्या भातात आणि सोबतच्या मिरचीच्या चटणीत. साधारण चार ते सहा सिंगापूर डॉलरमध्ये एकाचं जेवण होतं.

यावरून शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं: 'चिकन काढून द्या' म्हणून भागत नाही, भातच चिकनच्या रश्श्यातला असतो. भाज्यांवरच्या लाल सांबाल चटणीतही सुकी कोळंबी असू शकते. त्यापेक्षा पाटीवर 'व्हेजिटेरियन' लिहिलेले स्टॉल शोधा. तिथे समोर मांडलेल्या भाज्यांकडे बोट दाखवायचं आणि भातावर वाढून घ्यायचं. मटणासारखे दिसणारे तुकडे सोयाचे किंवा गव्हाच्या ग्लूटेनचे असतात, घाबरू नका. चिनी बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, अंडं मात्र विचारून घ्यावं. बुद्ध टूथ रेलिक मंदिराच्या तळघरातही शाकाहारी जेवण मिळतं. आणि अगदीच इडली-डोसा आठवला, तर मेट्रोने तीन स्टेशनांवर लिटिल इंडिया आहेच. (साउथ ब्रिज रोडवर, ऐन चायनाटाउनमध्ये, १८२७ पासूनचं श्री मरिअम्मन मंदिरही आहे. जेवणाआधी जाऊन या.)

टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा धरलेली आहे. विनोद नाही, लोक खरंच मानतात. तुम्हीही तसंच करा आणि मग रांगेत जा. जेवल्यावर ट्रे उचलून ठरलेल्या जागी ठेवायचा; २०२१ पासून हा नियम आहे, आधी ताकीद मिळते, नंतर दंड. सुटे डॉलर खिशात ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी क्यूआर कोड स्थानिक बँकांचेच चालतात. स्टॉलवाल्यांना अंकल, आंटी म्हटलं की काम सोपं होतं.

चहा-कॉफीचा स्टॉल वेगळा असतो. 'कोपी' म्हणजे कंडेन्स्ड मिल्कची कॉफी, चांगलीच गोड. 'कोपी-ओ' बिनदुधाची, पण साखर असतेच. ती नको असेल तर 'कोसोंग' जोडायचं. चहाला 'तेह'.

सकाळी अकराच्या आसपास पोहोचलात तर रांगा लहान असतात. दुपारनंतर नावाजलेल्या स्टॉलवरचा माल संपतो आणि शटर खाली येतं. सोमवारी बरेच जण सुटी घेतात, त्यामुळे चायनाटाउनसाठी शक्यतो दुसरा वार ठेवा.