रायक्सम्युझियम: नऊला आत, थेट दुसऱ्या मजल्यावर

अ‍ॅम्स्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये, म्हणजे नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात, ८० दालनं आणि सुमारे ८,००० वस्तू आहेत. एका दिवसात सगळं बघायचा हट्ट धरला की पाय बोलायला लागतात आणि पुढची चित्रं नुसती डोळ्यांखालून जातात. माझं मत विचाराल तर दहा-बारा गोष्टी ठरवून जा आणि त्यांच्यासमोर निवांत उभे राहा.

तिकीट ऑनलाइन काढायचं आणि आत शिरायची वेळ आधीच निवडायची. संग्रहालय वर्षाचे ३६५ दिवस ९ ते ५ उघडं असतं, त्यातला ९ चा स्लॉट घ्या. १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट आहे. सेंट्रल स्टेशनवरून ५२ नंबरची मेट्रो पकडून फेइझेलग्राख्तला उतरलात की पुढे दहाएक मिनिटं चालायचं.

प्रवेशद्वार शोधताना हमखास गोंधळ होतो. वास्तुविशारद पिएर काउपर्सच्या १८८५ च्या या इमारतीच्या पोटातून एक बोगदा आरपार जातो, आणि दार त्या बोगद्यातच आहे. मधली वाट सायकलींची. सायकली भरधाव येतात, त्यामुळे फोटोसाठी तिथे थबकू नका, कडेच्या पादचारी मार्गानेच चाला. मोठी बॅग क्लोकरूममध्ये ठेवावी लागते. स्वतःचे इयरफोन मात्र जवळ असू द्या. संग्रहालयाच्या मोफत अ‍ॅपवर उत्तम ऑडिओ टूर आहेत.

आत गेल्यावर तळमजल्यावर रेंगाळू नका. जिना चढून थेट दुसऱ्या मजल्यावरच्या ‘गॅलरी ऑफ ऑनर’मध्ये, म्हणजे नामांकित डच चित्रांच्या मुख्य दालनात जा. दहानंतर टूरचे गट यायला लागले की सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या चित्रांसमोर माणसांच्या पाठीच दिसतात. त्याची ‘मिल्कमेड’, म्हणजे दूध ओतणारी मोलकरीण, जेमतेम ४५ सेंटीमीटर उंच आहे, लांबून काहीच कळत नाही. जवळ गेलात की डावीकडच्या खिडकीची फुटकी काच दिसेल, भिंतीतला खिळा आणि त्याची इवलीशी सावली दिसेल, पावावरचे उजेडाचे ठिपके दिसतील. एप्रनच्या निळ्यात लाजवर्द दगडाची पूड आहे, त्या काळचा अतिशय महागडा रंग. मागच्या भिंतीवर व्हर्मीरने आधी सुरया टांगायची फळी रंगवायला घेतली होती, मग ती पुसली, हे २०२२ मध्ये तपासणीतून जाहीर झालं. भिंत मोकळी ठेवली म्हणूनच दुधाच्या धारेवर नजर ठरते, असं मला ठामपणे वाटतं.

गॅलरीच्या टोकाला डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४२ चं ‘नाइट वॉच’, शहररक्षक दलाचं समूहचित्र. साडेचार मीटर रुंद. १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर मावेना म्हणून ते चारही बाजूंनी कापलं. सर्वांत मोठी पट्टी डावीकडून गेली. त्यामुळे मुळात उजवीकडे असलेले कप्तान आणि लेफ्टनंट आज मधोमध आलेत आणि चित्राची पुढे सरकण्याची ओढ थोडी हरवली आहे. त्याच काळातला चित्रकार गेरिट लुंडेन्स याने कापण्याआधीच केलेली छोटी नक्कल शिल्लक आहे, म्हणून हे कळतं. २०१९ पासून चित्राचा अभ्यास आणि दुरुस्ती काचेच्या खोलीत, सगळ्यांसमोर चालली आहे. जुनं वार्निश काढायला नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरुवात झाली. काम चालू असेल तेव्हा समोर यंत्रं येतात, पण संवर्धक हाताने कसं काम करतात ते पाहणं हीही पर्वणीच.

व्हर्मीरची ‘मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी’ इथे नाही, ती द हेग शहरातल्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. व्हॅन गॉगचीही इथे मोजकीच चित्रं. त्याचं संग्रहालय शेजारीच, पण तिकीट वेगळं.

पाण्याने वेढलेला, आशियाई कलेचा एशियन पॅव्हेलियन बहुतेक लोक गाळतात. तुम्ही गाळू नका. तिथला तमिळनाडूचा चोळकालीन नटराज १५३ सेंटीमीटर उंच आहे आणि क्ष-किरण तपासणीत तो आतून भरीव निघाला. प्रभावळसुद्धा भरीव! इतक्या मोठ्या भरीव मूर्तीत धातू थंड होताना तडा जायची भीती असते, त्यामुळे त्या ओतारींचं कसब लक्षात येतं. मागच्या बाजूनेही बघा, जटांची रचना तिथून नीट कळते.

मराठी माणूस इथे शिवाजी महाराजांचं चित्र शोधतो. ते अ‍ॅम्स्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सन याच्या संग्रहातल्या, सतराव्या शतकात गोवळकोंड्यात तयार झालेल्या चित्रसंचात आहे. कागदावरची चित्रं उजेडाने फिकी पडतात, म्हणून ती कायम मांडून ठेवत नाहीत. दालनोदालनी शोधत वेळ घालवू नका. संग्रहालयाच्या वेबसाइटवर महाराजांच्या नावाने शोधा आणि चित्र मोठं करून बघा.