मटण मिळतं, चरबी मागून घ्यावी लागते

बुधवार, रात्री

आमचं घर कोष्ट्यांचं, सावजी. रविवारी मटण आणि ज्वारीची भाकर, यात कधी खंड पडला नाही. त्यामुळे काही महिने फक्त मांस, अंडी, तूप आणि मीठ यांवर राहायचं ठरवलं तेव्हा वाटलं, नागपुरात याला काय अडचण? अडचण आहे, आणि ती मटणाची नाही.

हिशोब मांडला की दिसते. दिवसाला 2000 कॅलरी धरल्या आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग चरबीतून घ्यायचा म्हटलं, तर साधारण 165 ग्रॅम चरबी लागते. बोकडाच्या निव्वळ मांसात 100 ग्रॅममागे जेमतेम 2-3 ग्रॅम असते. म्हणजे 600 ग्रॅम मटणातून प्रथिनं 120 ग्रॅमच्या आसपास मिळतात, पण चरबी पंधराएक ग्रॅमच. बाकीची आणायची कुठून? परदेशातले लोक या आहारात गायीबैलाचं चरबीदार मांस खातात. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा तो विषयच नाही. चिकनवाला साल सोलूनच देतो. आणि सावजी म्हटलं की लोकांना जी लालभडक तर्री आठवते, ती मटणाची चरबी नव्हे, वरून ओतलेलं तेल. आमच्या आजीच्या काळी ते जवसाचं असायचं.

म्हणून महाल भागातल्या आमच्या नेहमीच्या खाटकाला सांगितलं, सीना आणि चाप द्या, आणि गुर्द्याभोवतीची चरबी वेगळी बांधा. तो सुरी थांबवून म्हणाला, "भाऊ, लोक तर काढून टाका म्हणतात, तुम्ही मागून राहिले!" आता तो बाजूला काढून ठेवतो.

ती चरबी कढवायला मला मनापासून आवडायला लागलंय. बारीक तुकडे करायचे, जाड बुडाच्या कढईत दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर ठेवायचे. आधी सगळं गढूळ, पांढुरकं दिसतं. पाणी उडून गेलं की तडतड मंदावते, चरबी नितळ होते आणि तळाशी तांबूस कुरकुरीत चुरा उरतो. गाळून बरणीत भरली की ती थिजून पांढरीशुभ्र होते. एक मात्र सांभाळावं लागतं, ताट गरम असतानाच जेवायचं. गार झालं की टाळूला मेणासारखा थर बसतो आणि घास गिळवत नाही.

चरबीवर एवढा भर का, असं घरात सगळ्यांनीच विचारलं. मी त्यांना स्टेफानसनची गोष्ट सांगितली. विल्हयाल्मुर स्टेफानसन हा उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात इनुइट लोकांसोबत राहिलेला संशोधक. 1928 मध्ये तो आणि त्याचा सहकारी अँडरसन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर फक्त मांसावर राहायला तयार झाले. सुरुवातीला स्टेफानसनला मुद्दाम बिनचरबीचं मांस दिलं, तर दोन-तीन दिवसांतच मळमळ आणि जुलाब. चरबीदार मांस सुरू केल्यावर तो सावरला. दोनच माणसांचा प्रयोग, त्यावरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढता येत नाही. पण नुसतं कोरडं मटण खाऊन हा आहार चालत नाही, एवढं मला त्यातून पटलं. उलट चरबी एकदम वाढवली तरी पोट बिघडतं, कारण पित्ताला सवय लागायला वेळ हवा. म्हणून मी दर आठवड्याला थोडी थोडी वाढवतोय.

पहिल्या आठवड्यात डोकं जड व्हायचं, पायात गोळे यायचे. पिठूळ आणि गोड बंद झालं की इन्सुलिन उतरतं, आणि मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर टाकतात. पाणीही त्यासोबत जातं. वजन सुरुवातीला भराभर उतरतं ते बरंचसं हेच पाणी. मीठ घालून पायाचा रस्सा प्यायलो की तासाभरात बरं वाटतं. माझा रक्तदाब नीट आहे म्हणून मी मीठ वाढवू शकलो.

आईला सगळ्यात जड गेलं ते वारांचं. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्या चुलीवर अंडंसुद्धा शिजत नाही, आणि ते मला मोडायचं नाही. म्हणून गच्चीवर वेगळी शेगडी, वेगळी कढई ठेवलीय. "भाकरीशिवाय जेवण होते का रे बाबू?" असं ती रोज विचारते. खसखस-खोबऱ्याचा मसाला भाजायला घेतला की मला खरंच त्रास होतो; त्या वासावर मी वाढलोय. पण सध्या मीठच.

आज भाऊजींचा फोन आला, त्यांनाही सुरू करायचंय. त्यांना मी स्पष्ट नाही म्हटलं. त्यांना शुगर आहे आणि ते डापाग्लिफ्लोझिनची गोळी घेतात. ती चालू असताना पिठूळ बंद केलं तर शुगर फारशी न चढताही रक्तात आम्ल साचू शकतं, आणि ते जिवावर बेततं. गोळ्यांचं आधी डॉक्टरांशी बोला, मग बघू, म्हटलं. थोडे नाराज झाले, पण अपॉइंटमेंट घेतो म्हणाले.

माझी स्वतःची तपासणी सुरू करण्याआधीच झालीय: एचबीए1सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), युरिक ॲसिड. काही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, या आहारात बरंच चढतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देईन. एलडीएल चढलेलं निघालं तर आहार बदलायचा, हे आमचं ठरलेलं आहे.