सुवर्णभूमी नव्हे, सुवन्नफूम

बँकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. तिकिटावर ते वाचलं तेव्हाच मला अर्धं बँकॉक कळल्यासारखं वाटलं होतं. दहावीला संस्कृत घेतलं होतं ना! विमान उतरताना हवाईसुंदरी 'सुवन्नफूम'मध्ये स्वागत करत होती, तिकडे मी लक्षच दिलं नाही.

पहाटे उतरलो. विमानतळाच्या तळघरातच रेल्वेचं स्टेशन आहे. शेवटच्या फाया थाय स्टेशनापर्यंत ४५ बाट आणि जेमतेम अर्धा तास. टॅक्सीचा मीटर ३५ बाटला सुरू होतो खरा, पण त्यावर विमानतळाचा जादा आकार आणि टोल. चौघं आणि भरपूर बॅगा असतील तर टॅक्सीच बरी. आम्ही दोघं, बॅगा दोन.

तिकीट म्हणजे प्लास्टिकची गोल चकती, थेट कॅरमची सोंगटी. फाया थायला बाहेर पडताना ती यंत्राने गिळली आणि पुन्हा रांग, कारण शहरात फिरवणाऱ्या उन्नत रेल्वेचं, स्कायट्रेनचं, तिकीट वेगळं. रांगेत असतानाच आठ वाजले, राष्ट्रगीत सुरू झालं आणि धावपळ करणारी सगळी गर्दी जागच्या जागी थिजली. मीही हातातली नाणी न वाजवता उभा राहिलो.

पुढचं स्टेशन रात्छाथेवी. पाटीकडे बघताना एकदम ट्यूब पेटली: ही तर राजदेवी! मग छंदच लागला. थाई जिभेवर ग चा ख होतो, द चा थ, भ चा फ. नगर म्हणजे नखोन, देव म्हणजे थेप. ही माणसं आपल्या शहराला बँकॉक म्हणतच नाहीत, क्रुंग थेप म्हणतात. त्यातही देव आहेच. इंग्रजी नकाशातलं 'व्हिक्टरी मॉन्युमेंट' त्यांच्या भाषेत 'चाय समोराफूम', म्हणजे आपली जय समरभूमी. बायको म्हणाली, "स्टेशनं मोजा, उतरायचं राहील." राहिलंच. एक स्टेशन पुढे जाऊन परत आलो.

पण बँकॉकमधला माझा आवडता प्रवास रुळांवरचा नाही. सेन सेप नावाचा कालवा शहराच्या पोटातून जातो. तो १८३७ ते १८४० मध्ये खणला, आणि आजही लोक त्यातून ऑफिसला जातात. असोकच्या (आपला अशोकच) धक्क्यावर बोट येते, टायरांना घासून थांबते न थांबते तोच माणसं काठावरून आत उड्या टाकतात. लोकलची सवय इथे कामी आली. कंडक्टरीण डोक्यात हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत पैसे गोळा करते. हेल्मेट कशाला, ते पहिल्या बुटक्या पुलाखाली कळलं: तिने मान घातली आणि बोटीचं छप्परही खाली आलं. काठाला बसणाऱ्याकडे एक काम असतं. समोरून दुसरी बोट आली की दोरी ओढून ताडपत्रीचा पडदा वर करायचा. मला उशीर झाला. पाणी काळं आहे, वास येतो, आणि मागच्या आजीबाई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती मी विसरणार नाही. पुढच्या वेळी त्यांनीच हात लांबवून दोरी ओढली. प्रतुनामला बोट बदलायची, म्हणजे सोन्याची टेकडी असलेल्या वाट साकेतजवळ (वाट म्हणजे देऊळ) उतरता येतं.

चाओ फ्राया नदीवरच्या नारिंगी झेंड्याच्या बोटी त्यामानाने सभ्य. पलीकडे वाट अरुण. हे नाव तरी सरळ निघालं.

परतीला बॅगा दोनाच्या चार झाल्या होत्या, म्हणून टॅक्सी. ड्रायव्हरला ऐटीत सांगितलं, "सुवर्णभूमी." तो बघतच राहिला. पुन्हा सांगितलं, सावकाश, शुद्ध. त्याने विचारलं, "दोन मुअंग?" तो तर दुसराच विमानतळ, शहराच्या दुसऱ्या टोकाला! मागून बायको शांतपणे म्हणाली, "सुवन्नफूम."

"ओ, सुवन्नफूम!" त्याने मीटर टाकला.