वस्ताद, ओट आणि उकड

"ओ मॅडम, ह्ये तर आमी म्हशीला घालतोय की!"

सकाळी हृदयविभागात पाऊल टाकलं आणि हे वाक्य अंगावर आलं. बोलणारे सत्तरीतले, कागलकडचे, एकेकाळचे पैलवान. नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली. नर्सपासून सफाईवाल्यापर्यंत सगळे त्यांना वस्तादच म्हणायचे. त्यांचं म्हणणं खोटं तरी कसं म्हणायचं? आपल्याकडे ओट रब्बीत चारा म्हणून पेरतात. केंट हा वाण म्हशी पाळणाऱ्यांच्या चांगला ओळखीचा आहे. ज्या माणसानं आयुष्यभर तो पेंढ्या बांधून गोठ्यात टाकला, त्याच्यापुढे वाडग्यात तोच आला तर तो काय बोलणार?

"आन् चव? तालमीची पोस्टरं चिकटवायला आमी असलीच खळ शिजवायचो."

वस्तादांनी वाडगा सरकवला तसा शेजारच्या खाटेवरच्या गुरुजींनीही सरकवला. मग पलीकडच्यांनी. नऊ वाजता ट्रॉली खाली आली तेव्हा ओट्सचे वाडगे जवळजवळ भरलेलेच होते. मी आहारतज्ज्ञ आहे. ताटात काय उरलं ते बघणं हा माझ्या कामाचाच भाग. उरलेलं रोजच असायचं, पण त्या दिवशी अख्ख्या वॉर्डानं संप केला होता.

त्या वाडग्यात काय होतं ते सांगते. दूध, थोडी साखर, केळ्याच्या चकत्या आणि ओट्स. बहुतेक पुड्यांच्या मागे छापलेली असते तीच कृती. थंड झाली की तिच्यावर साय धरते आणि खाली लगदा बसतो. आमच्या भागातला माणूस सकाळी गोड, कोमट, बुळबुळीत असं काही खात नाही. त्याला पोहे लागतात, उप्पीट लागतं, नाहीतर कालची भाकरी आणि ठेचा.

मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "रूप काय हवं ते द्या, पण ओट्स काढू नका." त्यामागे कारण होतं. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं 1997 मध्ये ओट्सच्या पुड्यांवर हृदयाबाबतचा दावा छापायला परवानगी दिली, ती दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन धरून. आता 40 ग्रॅम कोरड्या ओट्समधून ते साधारण दीड ग्रॅम मिळतं. म्हणजे दिवसातून दोनदा द्यायला हवेत. एकदाच कोणी खात नाही तिथे दोनदा!

स्वयंपाकघरात मावशी वाटच बघत होत्या. रुग्णालयाचं स्वयंपाकघर त्यांच्या हातात कित्येक वर्षं आहे, आणि चवीबाबत माझ्या पदवीपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त भरवसा आहे. त्यांनी लगेच उपाय काढला, "मॅडम, भिजवून दोन पाण्यानं धुवून घेऊ. बुळबुळीतपणा जातोय." घरोघरी बरेच जण असं करतातही. पण तो बुळबुळीतपणा म्हणजेच ते बीटा-ग्लुकन. धुवून टाकलं तर औषध नळाखाली गेलं. मी हे सांगितल्यावर मावशी जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग जिथं बुळबुळीत चालतंय तिथंच घालू की. उकड कर म्हटलं तर कोण नाही म्हणतंय?"

माझ्या दृष्टीनं त्या दिवसाचं काम तिथेच झालं, बाकी सगळी हमाली. उकड, आंबील, मेतकूट घातलेला मऊ भात, हे सगळं आपण गिळगिळीतच खातो आणि आवडीनं खातो. तिथे जिभेची आधीच तयारी असते. पोह्यांसारखं मोकळं करायला गेलं की ओट्स फसतात, कारण खाणारा मनात पोहेच खात असतो.

पण आधी भाजणं. पुडीतले ओट्स वाफवून, दाबून येतात. गहू-तांदळापेक्षा ओटमध्ये स्निग्धांश जास्त, तो खवट होऊ नये म्हणून ही वाफ आधीच देतात. त्यामुळे पुडी फोडल्यावर येतो तो वास म्हणजे ओल्या गोणपाटाचा भाऊ. मंद आचेवर कोरडेच भाजले की तो जातो आणि भाजक्या दाण्यासारखा खमंग वास सुटतो. एकदा तो सुटला की सोबत काय घालायचं ते वेगळं सुचवावं लागत नाही: तीळ, दाण्याचं कूट, जवसाची चटणी, जिरं. सगळी भाजून खमंग होणारी मंडळी.

दुसरी अडचण मिठाची. हृदयाच्या रुग्णांना मीठ मोजून. ओट्सना स्वतःची चव अगदी बेताची, त्यामुळे मीठ कमी झालं की ते आणखीच फिके लागतात. मावशींचा हात सवयीनं कांदा-लसूण चटणीच्या बरणीकडे गेला. कोल्हापुरात दुसरं काय होणार? पण बाजारच्या त्या चटणीत मीठ भरपूर असतं. मग मीठ न घालता तोच मसाला थोडा कुटून घेतला: भाजलेला कांदा, लसूण, तीळ, धणे, बेडगी मिरची. आणि मिठाची उणीव आंबटावर ढकलली. आंबट ताक, लिंबू, दोन आमसुलं. आंबटपणा, लसूण आणि हिंग एकत्र आले की मीठ कमी आहे हे चटकन कळत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी चमच्यानं चाखलं.

उकड अशी झाली. भाजलेले ओट्स जाडसर दळले, त्यात थोडी तांदळाची पिठी. आंबट ताकात कालवून गुठळ्या मोडल्या. पिठामुळे ताक तापवलं तरी फाटत नाही. एका माणसामागे एक चहाचा चमचा तेल, त्यात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद. वर ते कालवण ओतून ढवळत राहायचं, मग झाकण ठेवून एक वाफ. उकडीवर कच्च्या तेलाची धार हवीच असा मावशींचा हट्ट होता. तिथे मी नमते घेतले नाही. कोथिंबीर भरपूर टाकली.

दुपारच्या खाण्याला थालीपीठ. निम्मी भाजणी, निम्मे दळलेले ओट्स, कांदा, कोथिंबीर, ओवा. ओट्सच्या पिठाला गव्हासारखा चिकटा नाही, ते पाणीही सावकाश पितं. मळून थोडं ठेवलं आणि ओल्या फडक्यावर थापलं की तुटत नाही. धणे-जिऱ्याच्या भाजणीत ओट्स असे मिसळले की न सांगता कुणाला ओळखता येईना. भोपळा किसून घातलेलं एक थालीपीठ माझ्या मते सगळ्यांत चांगलं झालं, पण त्याबद्दल वॉर्डात कुणी चकार शब्द काढला नाही.

वस्तादांना थालीपीठ देताना मी मुद्दाम काही बोलले नाही. त्यांनी अर्धं खाल्लं, दह्यात बुडवून उरलेलं संपवलं आणि विचारलं, "ह्यात हाय का त्यो म्हशीचा चारा?"

"आहे, वस्ताद."

"मग सकाळी का फसवलासा आमास्नी?"

संध्याकाळी उकड गेली. गुरुजींनी आणखी मागितली. वस्तादांनी मात्र मला थांबवून घेतलं. त्यांना गोडाचं बोलायचं होतं. "दुधात घालायचं असंल तर थंडाईवानी करा. तालमीत आमी काय घालायचो म्हाईत हाय का?" आणि त्यांनी हिशेब सांगितला: रात्री भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी, वेलची, सगळं कुंडीत सोट्यानं घोटायचं. घोटण्याची कृती हातांनी करून दाखवताना सलाईन लावलेला हात हलला म्हणून नर्स ओरडली.

मी ते मावशींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सायविरहित दुधात भाजलेले ओट्स शिजवून त्यात ते वाटण घातलं, साखरेऐवजी थोडी खारकेची पूड. मधुमेहींना तीही मोजून. बडीशेप आणि मिरी यांनी दुधाचा मिळमिळीतपणा कापला. केळं आणि साखर हे कधीच करू शकले नसते, कारण ते ओट्सच्या मऊपणावर आणखी मऊ आणि गोडावर आणखी गोड रचतात. ओट्सना विरुद्ध स्वभावाचा सोबती लागतो: तिखट, आंबट, कुरकुरीत नाहीतर खमंग.

सगळं काही जमलं असं नाही. आमसुलाच्या सारात ओट्स घालून पाहिले, त्याचा रंग बघूनच ट्रॉली परत आली. मटणाच्या अळणी रश्शात घालायची कल्पना मावशींची होती. डॉक्टरांच्या कानावर जाण्याआधीच मी ती गाडून टाकली.

वस्तादांना घरी सोडलं त्या दिवशी त्यांच्या कारभारणीनं उकड आणि थंडाई दोन्हींचं प्रमाण लिहून घेतलं. वस्ताद बाजूला उभे होते. कागदाची घडी झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "दूध म्हशीचं चालंल न्हवं?"

"साय काढून. अर्धा कप."

"अर्धा?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं कागद पुन्हा उलगडला आणि माझ्याकडून पेन घेऊन 'अर्धा' खाली रेघ मारली.