आमची वाटचाल : ऐकून काढलेली सीडी

मिरजेत आमचं दुकान सतारमेकर गल्लीच्या अलीकडं. मूळ धंदा वडिलांचा, लाऊडस्पीकरचा. अहुजाचे अॅम्प्लिफायर, चार भोंगे, लग्न-मुंजी आणि उरूस. उरसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं दर्ग्यात गाणं होतं ते सगळ्यांना माहितीच आहे, तिथं मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेली माणसं मी चड्डीत असल्यापासून बघतोय. त्या कॅसेटी घराघरात ट्रंकेत पडून होत्या, बुरशी धरत होत्या, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

१९९९ ला मी आणि मेव्हण्यानं मिळून फिलिप्सचा सीडी रेकॉर्डर घेतला. माझी बजाज स्कूटर विकली, त्यानं पतसंस्थेचं कर्ज काढलं. कॉम्प्युटर नाही, काही नाही, नुसता डबा, मागं आरसीएच्या वायरी खोचायच्या, डेकवर कॅसेट लावायची आणि कोऱ्या डिस्कवर भरायचं. घरगुती मशीन म्हणजे त्याला साधी कोरी सीडी चालत नाही, 'डिजिटल ऑडिओ' छापलेलीच लागते, ती आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं आणायचो, ७४ मिनिटांची. एक डिस्क वाया गेली की दिवसाची कमाई गेली, म्हणून हात कापायचे.

काम कसं चालायचं ते सांगतो कारण आता कुणाला माहीत नाही. कॅसेट आली की आधी डेकचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज उचलणारा भाग, स्पिरिटनं पुसायचं. मग बारीक स्क्रू ड्रायव्हरनं अॅझिमथ, म्हणजे हेडचा कोन, त्या कॅसेटपुरता जुळवायचा. दोन्ही चॅनल एकत्र करून ऐकायचं आणि स्क्रू केसभर फिरवत राहायचं, एका जागी तानपुरा एकदम उघडतो, घोंगडं काढल्यासारखा. तिथं थांबायचं. मग लेव्हल, जोरातली तान शोधून तिथं काटा शून्याच्या ५-६ डीबी (डेसिबल) खाली राहील असा, कारण डिजिटलमध्ये वर गेलं की फाटलंच, टेपसारखं सांभाळून घेत नाही. ऑटो ट्रॅक बंद. हे फार महत्त्वाचं. ऑटो ट्रॅक चालू ठेवला की गवई श्वास घ्यायला थांबला तरी मशीनला वाटतं नवीन गाणं, एका बड्या ख्यालाचे पंधरा तुकडे होतात. आम्ही बसून हातानं बटण दाबायचो, विलंबित संपलं, द्रुत सुरू झालं की एक. आणि शेवटी फायनलाइज, म्हणजे डिस्कवर ट्रॅकची यादी लिहून ती बंद करायची, दोन-चार मिनिटं, तेवढ्यात मशीनला कुणी हात लावायचा नाही. ते झालं नाही तर ती डिस्क आमच्या मशीनशिवाय दुसरीकडं कुठंच वाजत नाही.

दीड तासाच्या कॅसेटला दीड तास. वेग वाढवायची सोयच नाही. म्हणजे आमच्या दुकानातून गेलेली प्रत्येक सीडी कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत कानानं ऐकलेली आहे, हे मी कुणाच्याही समोर छातीवर हात ठेवून सांगेन.

आमचे पहिले गिऱ्हाईक मास्तर. निवृत्त शाळामास्तर, कुरुंदवाडहून एसटीनं यायचे, कापडी पिशवीत दोनच कॅसेटी. शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांनी वर्षानुवर्षं टेप केलेला, दीडशेच्या वर कॅसेटी, पण सगळ्या एकदम कधी दिल्या नाहीत. दोन द्यायच्या, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, पूर्ण भरून होईपर्यंत ऐकायचं, झाल्या की दोन्ही परत पिशवीत. पहिल्या वेळी त्यांनीच मला पकडलं. ४५ मिनिटांच्या दोन बाजू म्हणजे नव्वद मिनिटं, ती एका सीडीत बसेना म्हणून मी दुसऱ्या बाजूचा राग मध्येच फेड करून तोडला होता. मास्तर म्हणाले, "अरे, घास तोंडात असताना ताट ओढून घेतोस होय?" त्या दिवसापासून एका बाजूला एक सीडी. लोक भांडायचे, एका कॅसेटच्या दोन सीड्या काढून पैसे उकळता म्हणून. उकळत नव्हतो. ८० मिनिटांची डिस्क आली तरी नव्वद त्यात बसत नाहीत, ते गणित आहे.

२००२ ला टास्कमचं मशीन घेतलं, स्टुडिओवाल्यांचं, त्याला साधी कोरी सीडी चालते. खर्च एकदम उतरला आणि तिथंच आमचं नशीब फिरलं.

२००३ च्या गणपतीत भजनी मंडळांच्या ऑर्डरी आल्या. मेव्हणा मुंबईला गेला आणि नाव नसलेल्या पांढऱ्या डिस्कचे स्पिंडल घेऊन आला, आमच्या नेहमीच्या डिस्कच्या निम्म्या भावात. मी म्हणलं नको. तो म्हणला अरे सगळे हेच वापरतात. मशीननं घेतल्या, वाजल्या, मीही गप्प बसलो, ही माझी चूक, मान्य आहे. त्या डिस्क ५२ एक्ससाठी, म्हणजे वाजण्याच्या बावन्नपट वेगानं भरायला केलेल्या, आणि आम्ही १ एक्सनं, वाजते त्याच वेगानं, भरत होतो. कॉम्प्युटरसाठीची सुसाट डिस्क हळू मशीनला मानवेलच असं नाही, शिवाय वरचा लाखेचा थर कडेला नीट बंद नव्हता. वर्ष-दीड वर्षात तक्रारी सुरू झाल्या. सगळ्यांची एकच, शेवटच्या ट्रॅकला टिक टिक येतंय. सीडी आतून बाहेर भरत जाते, म्हणजे शेवटचा ट्रॅक कडेला, आणि कड आधी मेली.

२१२ डिस्क परत काढून दिल्या, फुकट, प्रत्येकीला तिचा तिचा वेळ देऊन. सात महिने त्यात गेले. त्यात लोडशेडिंग. इन्व्हर्टर बसवला तर बदलायच्या झटक्यात मशीन रिसेट व्हायचं आणि फायनलाइज न झालेली डिस्क हातात. शेवटी कॉम्प्युटरचा यूपीएस लावला तेव्हा थांबलं.

पण काही लोकांनी कॅसेटी टाकून दिल्या होत्या. सीडी झाली, आता कशाला जागा अडवायची. एक डॉक्टर होते, त्यांच्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, चाळीस मिनिटं. मूळ कॅसेट भंगारात. आमच्याकडची ठेवणीतली प्रतही त्याच लॉटची. दोन रात्री बसलो, चार वेगवेगळ्या प्लेअरवर लावून बघितली, डिस्क कोमट पाण्यानं धुतली, मऊ फडक्यानं आतून बाहेर पुसली. अकरा मिनिटं मिळाली. त्यात एके ठिकाणी त्या माउली जातं थांबवून कुणाला तरी "दार लाव गं" म्हणतात, तेवढं स्वच्छ आलं. डॉक्टर एक शब्द बोलले नाहीत, पैसे ठेवून गेले. ते पैसे मी अजून खर्च केलेले नाहीत.

आणि हे चालू असतानाच समोर दुकान निघालं. आमच्याकडं चार वर्षं शिकलेला पोरगा. अॅझिमथ मी शिकवला, सोल्डरिंग मी शिकवलं. त्यानं कॉम्प्युटर मांडला, तीन मिनिटांत सीडी, तीस रुपये. आमचे दीडशे. धंदा करावा, त्याबद्दल काही नाही. पण आमच्या सीड्या नेऊन त्याच्यावरनं कॉप्या मारायच्या आणि लोकांना सांगायचं की यांना दीड तास लागतो कारण मशीन जुनंय, आणि यांच्या डिस्क वर्षात मरतात. दुसरं खरं होतं म्हणून तोंड उघडता येईना. गिऱ्हाइकांची वही पण गेली होती आमची, कुणी नेली ते मला माहितीये. मेव्हण्यानं २००५ ला भागीदारी सोडली. बहिणीकडं दिवाळीला भेटतो, बोलतो, त्या विषयावर नाही.

त्या सात महिन्यांत मास्तर दर गुरुवारी आले. दोन कॅसेटी, स्टूल. समोर तीस रुपये आहेत हे त्यांना दिसत नव्हतं का?

पुढची वर्षं काम चालू राहिलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता एक सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. सीडीवर बॉलपेननं लिहू नका, वरचा थर फार पातळ असतो, नोंद खालच्या बाजूला नाही, वरच्या थराखालीच असते. कागदी लेबल चिकटवू नका. गाडीच्या काचेमागं ठेवू नका. आणि हार्ड डिस्कवर घेताना एमपी३ करू नका, त्यात आवाज दाबून लहान केलेला असतो, डब्ल्यूएव्ही म्हणजे न दाबलेली फाइलच ठेवा, आणि दोन ठिकाणी ठेवा. मूळ कॅसेट टाकू नका म्हणजे नकाच.

मास्तर गेल्यावर त्यांची सून पिशवी घेऊन आली. १५३ कॅसेटी आणि आमच्या सगळ्या सीड्या, प्रत्येकीच्या कागदावर त्यांच्या अक्षरात राग, तारीख. २००० सालच्या लावून बघितल्या, शेवटच्या ट्रॅकपर्यंत. वाजतात. पांढऱ्या लॉटच्या नऊ होत्या, त्यांच्या जागच्या बदललेल्या त्यालाच रबर बँडनं बांधून ठेवलेल्या.

टास्कम अजून चालतं, ट्रेचा बेल्ट दोनदा बदलला. आमच्याकडून काढलेली सीडी कुणाकडं असेल तर घेऊन या, सकाळी ११ ते १, तपासून पेन ड्राइव्हवर देतो, पैसे नाहीत. समोरून काढलेली असली तरी आणा. फक्त लेबल चिकटवलेलं असेल तर घरी उचकटू नका, तसंच आणा.