शहाबादी फरशीची हातकुऱ्हाड: सोलापुरातून पुढची नोंद

अश्मयुगातल्यासारखी दगडानं दगड फोडून घडवायची, बिनदांड्याची हातकुऱ्हाड अखेर दोन्ही बाजूंनी जमली. तळहातात मावते, कड नागमोडी आहे, टोक किंचित डावीकडं झुकलंय. पण आडवी धरून कडेकडून बघितली तर दोन्ही बाजू जिथं मिळतात ती मधली रेघ बऱ्यापैकी सरळ जाते. दगडाची हत्यारं घडवायच्या या नादातल्या माणसांना त्या रेघेचं मोल वेगळं सांगायला नको.

माल म्हणजे शहाबादी फरशी. सोलापुरात ही फरशी नसलेलं जुनं घर शोधून काढावं लागतं आणि दुकानाबाहेर पडलेले तुटके तुकडे मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. पण मी ती निवडली इसामपूरमुळं. कर्नाटकात शोरापूरकडच्या हुणसगी खोऱ्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी ही जागा खणली. साधारण 12 लाख वर्षांपूर्वी तिथं कुणीतरी चुनखडकाच्या लाद्या उचलून जागेवरच हातकुऱ्हाडी घडवत होतं. ‘कुणीतरी’ म्हणतोय, कारण होमो सेपियन्स, म्हणजे आपण, अजून जन्माला यायचे होतो. त्यांचा चुनखडक सिलिकामुळं, म्हणजे गारेतल्या घटकामुळं, आपल्या फरशीपेक्षा कडक, पण घराणं तेच.

फरशीची गोम तिच्या कडेत आहे. कड काटकोनात असते, आणि काटकोनावर कितीही मारा, दगड दाद देत नाही. नव्वद अंशांच्या आतला कोन हवा. म्हणून आधी एका बाजूनं बारीक कपच्या उडवून कड तिरकी करायची. मग दगड उलटा धरायचा. वर कपची निघालेल्या खोलगट जागेच्या काठावर फटका मारायचा, की खालच्या अंगाचा कपचा सुटतो. पुन्हा उलटायचं. त्या उलटापालटीतूनच कड नागमोडी होते. प्रत्येक फटक्याआधी कड कुरुंदाच्या दगडानं घासून बोथट करायची. धार हवी असताना बोथट कशाला, असं घरच्यांनीही विचारलं. पातळ कड फटक्याखाली चुरा होते आणि जोर आत शिरतच नाही, म्हणून.

इथं मला खरी मदत झाली ती मंगळवार बाजाराजवळ पाट्याला टाकी लावणाऱ्या एका मामांची. माझा तुकडा हातात घेऊन त्यांनी आधी बोटाच्या पेरानं वाजवला. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत चीर. मग म्हणाले, “काय करलालाव ओ हे? दगडाला मारू नका, कडंला मारा. आन् मारून हात थांबवू नका, पुढं जाऊ द्या.” कपचे मधेच पायरीसारखे तुटायचे, ते त्या दिवसापासून कमी झालं. इतके व्हिडिओ बघितले, हे एकातही इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

परवा एका वेबमालिकेत कालयंत्रातून अश्मयुगात पडलेला नायक दोन गोटे एकमेकांवर आपटतो आणि पुढच्याच दृश्यात हातात सुरी! शेजारचे आदिमानव नुसते हुंकारतात. मला हसू आलं आणि रागही. केनियातल्या लोमेक्वीची हत्यारं 33 लाख वर्षांची, म्हणजे कपचा उडवणं फार जुनं. दोन्ही बाजूंनी घडवलेली हातकुऱ्हाड दिसते ती साधारण 17 लाख वर्षांपूर्वी. मधली 15-16 लाख वर्षं उगाच गेली नाहीत. कांझी नावाच्या बोनोबोला (चिंपांझीचा जवळचा भाऊबंद) 1990 पासून पुरातत्त्वज्ञ निकोलस टोथ आणि सहकाऱ्यांनी कपचे काढायला शिकवलं. खाऊच्या पेटीची दोरी कापायला त्याला धार हवी होती. पठ्ठ्यानं सरळ दगड कडक जमिनीवर आपटला. गालिचा अंथरला तर तो बाजूला सारून आपटला. हुशारीच की! पण हातकुऱ्हाडीला चार फटके पुढचं दिसावं लागतं. डीट्रिक स्टाउट या संशोधकांनी दगड घडवणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं काढली, तेव्हा हातकुऱ्हाड करताना उजवीकडचा जो भाग जागा झालेला दिसला, त्याचा डावीकडचा जोडीदार म्हणजे बोलण्याशी बांधलेला ब्रोकाचा भाग. हुंकारणाऱ्या आदिमानवाच्या लेखकांनी एकदा फरशी घेऊन बसावं.

काळ्या पाषाणावरही हात मारून बघितला. मनगट बधिर होतं, एवढंच सध्या सांगतो. गंमत अशी, की आपल्या पायाखालचा हा बेसॉल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, म्हणजे डायनासोरांच्या शेवटाच्या आसपासचा. माणूस आणि डायनासोर सिनेमातच भेटतात. दगड मात्र दोघांना सामाईक.

गारगोटीनं जीव खूश केला. बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेली ही कॅल्सेडनी, म्हणजे अकीकाच्या जातीची गार, सीना नदीच्या वाळूत सुटी मिळते. इनामगाव, नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी हिच्याच लांब पात्या काढल्या. माझ्या हातून नखाएवढा कपचा निघाला. उजेडात धरला तर कडेतून पिवळसर उजेड आरपार, आतल्या अंगाला शिंपल्यावर असतात तशा लाटा. चादरीच्या काठाचे लोंबते दोरे एका ओढीत कापले. कात्री आणायला उठलोच नाही.

नव्यांसाठी: चष्मा आणि मास्क घातल्याशिवाय बसू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. गच्चीवर, वारा असताना, खाली ओलं पोतं अंथरून काम करा, आणि मे महिन्यात उन्हं वर यायच्या आत उरका. कचरा शेतात फेकू नका. मी तो चालू सालाच्या नाण्यासकट पुरतो, म्हणजे पुढं कुणी खणलं तरी फसणार नाही. जुन्या स्थळावरचा एक कपचाही उचलायचा नाही, हे तर आहेच.

आता अडलंय ते पातळ करण्यावर. परदेशातली मंडळी सांबरासारख्या हरणांच्या शिंगाचा हातोडा वापरतात. आपल्याकडं वन्यजीव कायद्यामुळं तो विषयच नाही. बाभळीच्या गाठीचा दांडा करून ठेवलाय. चुनखडकावर तो चालतोय, कपचे रुंद आणि पातळ निघतात. गारगोटीवर मात्र दांडाच झिजतो. तिथं म्हशीचं हाड कुणी वापरलं असेल तर किती वाळवलं ते कळवा.