दुलईच्या बगलेतला गुंता

आज सकाळी आमच्या मांजरीला, दुलईला, मांडीवर घेतलं आणि तिच्या पुढच्या डाव्या पायाच्या बगलेत बोट अडकलं. आधी वाटलं, कुसळ असेल. पण ते केसच होते. दाबून दाबून घोंगडीच्या तुकड्यासारखे झालेले. सुपारीएवढा गोळा, आणि खालची कातडी सगळी त्यात ओढली गेलेली. म्हणजे पाऊल टाकताना दर वेळी तिला ओढ बसत असणार. गौरी आणायच्या आदल्या दिवशी शेवटची फणी फिरवली होती. बोटांवर मोजले. अकरा दिवस.

एकदाही ओरडली नाही. दिवसभर हेच डोक्यातून जात नाहीये.

मागीलदारच्या बोकीच्या पायात काटा गेला तर अख्ख्या वाडीला कळतं. बेड्याशी मासळीवाली आली की ती घर डोक्यावर घेते. दुलईचा आवाज मुळातच एवढासा. ही पर्शियन मांजरं अशीच. ठेवाल तिथे बसतात, माळ्यावर चढायची हौस नाही, परक्यानं उचललं तरी नखं काढत नाहीत. मुंबईची मुलं पाच दिवस तिला कडेवर घेऊन हिंडली आणि ती पाय लोंबकळत सोडून गेली त्यांच्याबरोबर. सगळे म्हणाले, किती गुणी. मीही म्हटलं. आता वाटतंय, दर वेळी उचलताना तिची बगल ताणली जात असेल आणि आम्ही त्याला गुणी म्हणत होतो.

पण मी तरी कुठे कुठे पुरणार? पहाटे चारला उठून खोबरं खवायचं, उकड काढायची, तेवीस माणसांची पानं. दोन्ही वेळची आरती. फणी खिडकीतच होती, सगळ्यांना दिसत होती. एवढ्या माणसांत एकालाही उचलावीशी वाटू नये? सुमेधनं आणलं होतं तिला. नेणार म्हणाला होता. असो.

सकाळी आधी कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी सोडवायला गेले. सुटेना. कात्री हातात घेतली आणि ठेवली. मांजराची कातडी पातळ, गुंत्यात वर आलेली. केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली ते कळत नाही. मग दुपारी टोपलीत घालून, रिक्षानं रत्नागिरी. डॉक्टरांनी मशीन फिरवलं आणि गोळा अख्खा सुटून माझ्या तळहातावर आला. काही वजनच नव्हतं त्याला. खाली गुलाबी, दमट कातडी, कडेला लालसर. गजकर्ण नाही म्हणाले. पर्शियनांना ते लवकर धरतं, त्यात आपल्याकडची ही भाद्रपदाची हवा. खालची बारीक लव ओली झाली की आतून वाळतच नाही.

तेव्हासुद्धा ओरडली नाही. फक्त माझ्या मनगटावर हनुवटी टेकून राहिली.

येताना वाटेत मनात तेच, ही जात अशी झाली कशी. सतराव्या शतकात पिएत्रो देला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी इराणात गेला होता. तिथल्या लांब केसांच्या मांजरांबद्दल त्यानं कौतुकानं लिहून ठेवलंय. पुढे 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं मांजर-प्रदर्शन भरलं, त्यातही पर्शियन होती. जुन्या फोटोंतल्या पर्शियन मांजरांना चांगलं नाक दिसतं. हे चपटं तोंड नंतर माणसांनी निवडून निवडून केलेलं. त्यामुळे दुलईचे डोळे गळतात, नाकाशेजारी तपकिरी ओघळ सुकतो, तो रोज कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसावा लागतो. मे महिन्यात ती मोरीच्या लादीवर पसरून धापा टाकते. आणि केस एवढे वाढवलेत की तिच्या जिभेला ते आवरत नाहीत. बोकी स्वतःला चाटून लख्ख ठेवते. दुलईला माणसाचा हात लागतोच. तो हात अकरा दिवस दुसरीकडे होता.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी दिवा लावल्यावर तिला पडवीत घेऊन बसले. आधी मोठ्या दातांची फणी, मग बारीक. कानांमागे, पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी. उजव्या बगलेत एक छोटी गाठ सापडली, तांदळाएवढी. बोटांत धरून हळूहळू सोडवली. वीस मिनिटं लागली सगळ्याला. वीसच. पुढच्या वर्षी गणपतीत यातली दहासुद्धा मिळतील का, माहीत नाही. नाही मिळाली तर मोठ्या वहिनींना सरळ सांगेन की खोबऱ्याचं वाटप तुम्ही वाटा, मला मांजर विंचरायचंय. हसू देत.

केस परत यायला काही महिने लागतील. तोवर तिनं पुढचा डावा पाय उचलला की ती जागा दिसत राहणार, मलाही दिसू दे.

फणी खिडकीतून काढून देवघराशेजारच्या खुंटीला टांगलीय. काडेपेटी ठेवतो तिथेच.